पूजेतला ठोकळा

मलकापूर, ता. १० नोव्हेंबर १९३६

सौ. रुखमाबाईस धाकट्या निवृत्तीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बाई, भाऊबीजेला यंदाही माझं येणं होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू मला चार शिव्या देऊन मोकळी होशील आणि पुढचं शांतपणे वाचशील. दिवाळीत आमच्या मलकापूर-बुलढाणा मोटारीत पाय ठेवायला जागा नसते. आगगाडी आली की स्टेशनाबाहेर माणसं, पोती, ट्रंका आणि माहेरवाशिणी असा सगळा ढीग उभा असतो, आणि मालक नारायणराव तो सगळा एकाच खेपेत बसवतात.

एक काम सांगायचं आहे. आमच्या मोटारीवरचा क्लीनर वहाब तुझ्या वरवट बकालचाच, मशिदीमागे त्याचं घर आहे. आठ वर्षं आम्ही दोघं एका मोटारीवर आहोत. राजूरचा घाट तू एकदाच चढलीस आणि तेव्हा डोळे मिटून बसली होतीस, म्हणून सांगतो. भरलेली मोटार वळणावर गिअर बदलताना क्षणभर मागे सरकते. ब्रेक तेवढं ओझं धरत नाही. म्हणून क्लीनर मागच्या फळीवर उभा असतो, उडी टाकतो आणि मागच्या चाकाला बाभळीचा ठोकळा लावतो. ठोकळ्याला लांब लोखंडी दांडा असतो, त्यामुळे लावणारा चाकापासून चार हात लांब राहतो.

खंडेनवमीच्या दिवशी घाटात ठोकळा जवळ नव्हता. दगड लावायला वहाब खाली वाकला आणि मोटार मागे आली. उजवा हात चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला. बुलढाण्याच्या दवाखान्यात चार बोटं काढावी लागली, अंगठा तेवढा राहिला. परवा त्याला घरी पोचवलं आहे.

तू त्याच्याकडे जाऊन ये. काही लागलं सवरलं तर बघ. त्याची बायको नूरजहां भिडस्त आहे, मागणार नाही. आणि बाई, त्या दिवसाबद्दल तो काय काय बोलतो ते मला सविस्तर कळव. माणूस दुखण्यात असला की मनातलं बोलतो, आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

भावजींना नमस्कार सांग. घरी कोकिळा आणि लेक शालू बऱ्या आहेत. शालूसाठी एक स्थळ पक्कं होतंय, लग्न वैशाखात.

तुझा,
निवृत्ती


वरवट बकाल, ता. २० नोव्हेंबर १९३६

चि. निवृत्तीस रुखमाबाईचे आशीर्वाद. शिव्या मनातल्या मनात दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. तुझे भावजी म्हणाले, चंद्र तुझ्या भावापेक्षा वेळेवर येतो. त्यांना विनोद सुचला म्हणजे घरात सण झाला असं आम्ही धरतो.

वहाबकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा पीठ आणि गूळ घेऊन गेले तर त्यांचे रोजे सुरू झालेले. मी ओशाळले, नूरजहां म्हणाली, ‘संध्याकाळी कामी येईन ना बाई, ठेवा.’ वहाब ओट्यावर बसून डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लावत होता. ते त्याला जमत नव्हतं आणि बायकोला तो हात लावू देत नव्हता. मी समोर बसून गावातल्या गोष्टी बोलत राहिले. माझ्या गोष्टी संपल्या तेव्हा दोन बटणं लागली होती.

तू सविस्तर लिही म्हणालास, पण लिहिण्यासारखं तो काही बोललाच नाही. कसं झालं म्हणून मी विचारलं तर म्हणे, ‘घाट होता बाई. घाटात व्हते असं.’ मग म्हणाला, ‘निवृत्तीभाऊले लिहा, माह्या जागी नवा माणूस ठेवला असन तं त्याले दांड्याचा ठोकळाच द्या म्हणा. दगड नका देऊ.’ एवढंच. स्वतःचा हात गेला आणि काळजी येणाऱ्या माणसाची. अशी माणसं तुझ्याबरोबर काम करतात हे पाहून मला बरं वाटलं, आणि तू त्याची इतकी विचारपूस करतोस याचंही. बाबा गेल्यापासून तुझ्या हातून शहाणपणाची गोष्ट कमीच झाली आहे, ही एक मी मोजून ठेवली.

पण त्याचं पुढे कसं व्हायचं? शेत नाही. दोन लहान मुली आहेत. उजव्या हाताशिवाय त्याला कोण कामावर घेईल? तुमचे नारायणराव काही करणार आहेत की नाही, ते विचारून कळव. मी नूरजहांला सांगून आले आहे की माझा भाऊ मालकाच्या विश्वासातला आहे, तो काहीतरी करील.

रुखमाबाई


मलकापूर, ता. २ डिसेंबर १९३६

बाईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मालकांशी बोललो. नारायणराव माणूस वाईट नाहीत. त्यांनी आपण होऊन ज्वारीचं एक पोतं, दोन लुगडी आणि तीस रुपये दिले आहेत. हे सगळं आणि हे पत्र आपल्या मोटारीवरचा कारभारी नावाचा नवा क्लीनर घेऊन येतो आहे. वहाबला सांग, कारभारीच्या हातात दांड्याचाच ठोकळा असतो. आता तो ठोकळा मोटारीतून खाली उतरतच नाही.

पत्रासोबत एक कागद आहे. त्यावर वहाबच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घे आणि कारभारीबरोबरच परत पाठव. रक्कम मिळाल्याची पोच आहे, दुसरं काही नाही. वकिली भाषा आहे, वाचत बसू नकोस, डोकं दुखेल. वहाबला म्हणावं मी सांगितलं आहे, तो लगेच ठसा देईल. शक्यतो नूरजहां घरात नसताना घे, बायका उगाच शंका काढतात.

काम झालं की मला मोकळं वाटेल.

निवृत्ती


वरवट बकाल, ता. ९ डिसेंबर १९३६

निवृत्ती,

कारभारीला मी रिकाम्या हातानं परत पाठवलं, ते तुला कळलंच असेल. ज्वारी आणि लुगडी नूरजहांकडे पोचवली. तीस रुपये आणि तो कागद माझ्याकडे आहेत.

चौथीपर्यंत शिकलेल्या बहिणीला ‘वाचत बसू नकोस’ असं लिहायचं नसतं. मी तो कागद तिथल्या तिथे उभ्यानंच वाचला. त्यात लिहिलं आहे: ‘दांड्याचा ठोकळा वापरण्याविषयी मालकाचा हुकूम मला माहीत असता मी तो जाणूनबुजून मोटारीत घेतला नाही व स्वतःच्या हट्टाने दगड लावला. सबब माझी मालकाकडे कोणतीही मागणी नाही व पुढे राहणार नाही.’ तीस रुपयांची पोच द्यायला इतकं सगळं लागत नाही.

मी तो कागद घेऊन वहाबकडे गेले आणि नूरजहां घरात असताना मोठ्यानं वाचून दाखवला. वहाब खाली बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, ‘भाऊनं पाठवला का? मंग द्या, ठसा देतो.’ आणि खरोखरच अंगठा पुढे केला. नूरजहांनं त्याचा हात धरला. म्हणाली, ‘हट्ट कोणी केला? दवाखान्यात बुखारात तुमीच तं बोलत होते. ठोकळा पूजेत होता ना.’ तो तिच्यावर ओरडला नाही, नुसतं ‘चूप राह्य’ म्हणाला. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालंच. मी उठले नाही. मग तिनंच सांगितलं. खंडेनवमीला तू हत्यारांची पूजा मांडलीस, त्यात ठोकळाही ठेवलास. निघताना वहाबनं तो मागितला आणि तू नाही म्हणालास.

हे खरं आहे का, एवढंच मला हो किंवा नाही लिही.

खरं असेल तर हेही ऐक. मुसलमान माणसानं आपल्या पूजेचा मान राखला आणि त्यात आपला हात गमावला. आणि आपण त्याच्याच अंगठ्याखाली लिहून घेतोय की तो हट्टी होता. मला तुझा राग आला आहे, निवृत्ती. लहानपणी तुझे किती अपराध मी स्वतःच्या अंगावर घेतले, त्यातला एकही असा नव्हता.

तुझ्या पहिल्या पत्राचं मी कौतुक केलं होतं. तो काय बोलतो ते सविस्तर कळव, असं तू का लिहिलं होतंस ते आज कळलं.

रुखमाबाई


मलकापूर, ता. ३० डिसेंबर १९३६

बाई,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण हो किंवा नाही एवढंच लिहायला तू सांगितलं होतंस आणि तेवढ्यात माझं भागेना. उत्तर ‘हो’ आहे. आता बाकीचंही ऐकून घे.

त्या दिवशी सकाळी नारायणराव म्हणाले, ‘गाडीची पूजा करा, हार घाला, नारळ फोडा अन् सातला सोडा. पॅसेंजर खोळंबले आहेत.’ मी एक फळी मांडली. पाने, हातोडा, जॅक आणि तो ठोकळा असं सगळं पुसून ठेवलं. झेंडूची फुलं वाहिली. नारायणरावांनी कुंकू लावलं. वहाब चपला काढून बाजूला उभा होता. तो दर वर्षी असाच उभा राहतो आणि नारळाचा प्रसाद घेतो.

आपल्या घरी बाबा खंडेनवमीला विळासुद्धा हातात घेत नसत, हे तुला आठवत असेल. पूजेत मांडलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय हलवायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. निघताना वहाबनं विचारलं, ‘भाऊ, ठोकळा घेऊ काय?’ मी म्हणालो, ‘पूजेतलं उचलत नसतात ना बे. आज दगडानं भागवू.’ तो ‘हाव’ म्हणाला आणि फळीवर चढला. एका शब्दानं वाद घातला नाही. माझ्याच देवाची गोष्ट होती, म्हणून त्यानं ती माझ्यावर सोडली.

बाई, मोटारीचीही पूजा केली होती. तिला हार घातला होता. ती मात्र मी खुशाल चालवत होतो. मोटार चाललेली देवाला चालते, मग ठोकळा उचलला असता तर काय बिघडलं असतं? हे मला घाटात, त्याचा हात सोडवताना सुचलं. त्याआधी सुचलं नाही.

कागद नारायणरावांनी करून घेतला. मी त्यांना म्हणालो होतो की ठोकळा ठेवायला मीच सांगितलं. ते म्हणाले, ‘हे बाहेर बोललास तर तुझ्या परवान्याचं काय होईल ते तू बघ. ड्रायव्हरच्या सांगण्यानं माणूस जायबंदी झाला असं होईल ते.’ आणि मग म्हणाले, चैत्रात नवी मोटार येते आहे, ती तुझ्या हाती देणार. एकाच दमात दोन्ही सांगितलं. शालूचं लग्न वैशाखात आहे. परवाना गेला तर मला दुसरं काय येतं? नांगर धरला त्याला वीस वर्षं झाली.

मी वाईट वागलो हे मला कळतं. पण काय करावं ते कळत नाही. तू मोठी आहेस. माझं कसं निभेल असं काहीतरी सांग.

निवृत्ती


वरवट बकाल, ता. ६ जानेवारी १९३७

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

तू खरं लिहिलंस, त्यामुळे माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा तूच काढायचा आहेस.

तुझं कसं निभेल ते मला ठाऊक नाही, म्हणून खोटा धीर देत नाही. वहाबचं कसं निभेल ते मात्र समजून घेतलं. तुझे भावजी खामगावला सरकी विकायला गेले होते, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या वामनराव वकिलांना भेटले. वामनराव म्हणाले, यासाठी कायदा आहे. काम करताना माणूस जायबंदी झाला तर मालकाची चूक असो वा नसो, त्यानं भरपाई द्यायची. मालक सुटतो तो एवढ्यावरच, की माणूस दारू प्यायलेला होता किंवा जिवाच्या रक्षणाची वस्तू त्यानं स्वतः मुद्दाम बाजूला ठेवली. वहाब दारूला शिवत नाही. म्हणूनच तुमच्या कागदात ते ‘जाणूनबुजून’ आलं. सगळं त्या एका ठोकळ्यावर आहे, आणि तो कुणी ठेवला हे तुम्हा तिघांनीच डोळ्यांनी पाहिलं आहे.

अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तो मी माझ्या हातानं लिहिला. वहाब तीन दिवस तयार होत नव्हता. नूरजहांनं दोन्ही मुली त्याच्यासमोर आणून बसवल्या, तेव्हा तयार झाला. त्यानं मला एकच विचारलं, ‘भाऊच्या नोकरीले धक्का लागन काय?’ मी म्हणाले, लागेल. त्याच्याशी तरी कुणीतरी खरं बोलायला हवं होतं.

बुलढाण्याला भरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांपुढे तुलाही बोलावतील. त्याआधी इथे ये. वहाबच्या समोर बस आणि तिथे काय सांगणार आहेस ते त्याला स्वतःच्या तोंडानं सांग. काय सांगायचं ते मी तुला पढवणार नाही. लग्नाला आलेल्या मुलीचा बाप आहेस.

कारभारी पुन्हा विचारायला आला होता, त्याच्याबरोबर तुझा कागद परत पाठवला आहे, तीस रुपयेही. मालकांना दे.

रुखमाबाई


(कार्ड)

मलकापूर, ता. २५ जानेवारी १९३७

बाईस नमस्कार. शनिवारी वरवटला येऊन गेलो. तू मळ्यात होतीस आणि परतीची बैलगाडी सुटत होती, म्हणून भेट झाली नाही. वहाबशी सगळं बोलणं झालं. काळजी नसावी. तारीख १८ फेब्रुवारीची लागली आहे.

निवृत्ती


मलकापूर, ता. २१ फेब्रुवारी १९३७

बाईस निवृत्तीचा नमस्कार.

भावजी वहाबला घेऊन बुलढाण्याला आले होते, पण ते बाहेर झाडाखाली बसले होते. आत काय झालं ते त्यांना पुरतं ठाऊक नाही. म्हणून मीच लिहितो.

एका बाजूला वामनराव वकील आणि वहाब, दुसऱ्या बाजूला नारायणराव आणि त्यांचे वकील. मी भिंतीशी उभा होतो. साहेब देशीच होते, मराठीत विचारत होते. त्यांनी पहिल्यांदा वहाबला उभं केलं. हात बघितला. मग विचारलं, ‘दांड्याचा ठोकळा त्या दिवशी मोटारीत का नव्हता?’

वहाब म्हणाला, ‘मीच नेला नाही साहेब. दांड्यानं काम हळू व्हते. दगड लवकर लागते, म्हणून मुद्दाम ठेवून देला.’

वामनराव वकील त्याच्याकडे बघतच राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं, कुणी सांगितलं होतं का? वहाब म्हणाला, ‘नाही, कोणी नाही. माही मर्जी.’ नारायणराव खाली बघत होते. त्यांच्या वकिलांनी तर कागदसुद्धा आवरायला घेतले.

मग माझी पाळी आली. बाई, आता तुझ्यापासून काही लपवत नाही. मी घरून निघालो तेव्हा एवढंच ठरवलं होतं की सरळ विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प राहायचं. आणि साहेब मला म्हणाले, ‘अर्जदार सांगतो ते तुम्ही ऐकलं. ते बरोबर आहे?’ नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. माझा परवाना, नवी मोटार, शालूचं लग्न, सगळं त्या ‘हो’मध्ये होतं, आणि तो ‘हो’ वहाबनं स्वतः मला देऊन टाकला होता.

मी म्हणालो, ‘साहेब, हा खोटं बोलतो.’

वहाब तिथूनच म्हणाला, ‘चूप बस ना बे भाऊ.’ साहेबांनी त्याला दटावलं. मग मी सगळं सांगितलं. पूजा, फळी, त्यानं ठोकळा मागितला ते, मी काय म्हणालो ते. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हा म्हणतो माझी चूक, तुम्ही म्हणता माझी चूक. पैसे मागणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध बोलतो, हे मी पहिल्यांदा पाहतो. मी खरं कुणाचं धरू?’

मग ते नारायणरावांकडे वळले. म्हणाले, ‘त्या सकाळी पूजेत काय काय मांडलं होतं, ते तुम्ही सांगा.’ वकील नारायणरावांच्या कानाशी कुजबुजले. हुकूम दिला होता, वहाबनंच तो मोडला, हे सगळं ते सांगत आले होते. पण देवापुढे काय मांडलं होतं ते खोटं सांगायला त्यांची जीभ वळेना. शेवटी म्हणाले, ‘ठोकळा होता. कुंकू मीच लावलं.’

भरपाई मंजूर झाली. रक्कम साहेबांकडे जमा होईल आणि तिथून वहाबला मिळेल. माझ्या परवान्याला साहेबांनी हात लावला नाही, नुसती समज दिली. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनावर गेलो तर मोटारीवर दुसरा ड्रायव्हर बसला होता. नारायणराव रागानं काही बोलले नाहीत. ‘आता तुझं-माझं जमायचं नाही’ म्हणाले, आणि पगार हातावर ठेवला. सध्या जिनात कापसाच्या गाठी चढवायचं काम मिळालं आहे. शालूच्या सासरच्यांना खरं ते सांगितलं, लग्न साधेपणानं करू म्हणाले. कोकिळा दोन दिवस बोलली नाही, आता बोलते आहे.

एक गोष्ट मला कळत नाही. वहाब असं काऊन बोलला? मी त्याला असं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर तो माझ्याशी एक शब्द न बोलता भावजींबरोबर निघून गेला. तू विचारून कळव.

निवृत्ती


वरवट बकाल, ता. २ मार्च १९३७

चि. निवृत्तीस रुखमाबाईचे अनेक आशीर्वाद. हे मी नेहमीच लिहिते, आज मनापासून लिहिलं आहे.

तुझे भावजी तुझं पत्र वाचून म्हणाले, तुझा भाऊ चंद्रापेक्षा उशिरा येतो, पण येतो. त्यांच्या विनोदावर मी कधी रडले नव्हते.

वहाबला विचारलं. आधी टाळत होता. मी म्हणाले, निवृत्तीला कळवायचं आहे, तेव्हा बोलला. त्याचंच बोलणं लिहिते. ‘बाई, भाऊ त्या शनिवारी आला. जोहरपासून असरपर्यंत, सारी दुपार बसला. पोरीच्या लग्नाचं बोलला, परवान्याचं बोलला, नव्या मोटारीचं बोलला. माह्या हाताकडं एकदा बी पाह्यलं नाही, ठोकळ्याचं नाव बी नाही काढलं. मले समजलं, याच्यानं होत नाही. तिथं साहेबासमोर तो खोटं बोलला असता अन् ते मले उभ्यानं ऐकावं लागलं असतं. आठ वर्सं एका गाडीवर राह्यलो आमी. म्हून म्हटलं, त्याच्या आधी मीच बोलून टाकतो.’

‘सगळं बोलणं झालं’ असं तू मला कार्डावर लिहिलं होतंस. असू दे, ते आता मी काढत नाही. पण वहाबनं तुझ्याबद्दल मनात काय धरलं होतं ते तुला कळायला हवं. तू तो समज खोटा पाडलास याचा मला आनंद आहे. तसा समज करून घ्यायची वेळ तू त्याच्यावर आणलीस याचं दुःखही आहे. दोन्ही मनात आहेत, म्हणून दोन्ही लिहिते.

भरपाईतून तो घराच्या ओट्यावर किराण्याचं लहानसं दुकान काढतो आहे. तराजू डाव्या हातानं धरायची सवय करतो आहे. नूरजहां हसते आहे, बऱ्याच दिवसांनी.

मी त्याला शेवटी विचारलं, निवृत्ती उठून खरं बोलला तेव्हा तुला काय वाटलं? तर तो म्हणाला, ‘लाज वाटली बाई. मी त्याले ओळखलंच नव्हतं. कोणत्या तोंडानं बोलू त्याच्याशी?’ म्हणून तो न बोलता निघून आला.

आता तू तिकडे लाज घेऊन बसला आहेस आणि तो इकडे. दोघांमध्ये एका दिवसाची वाट आहे. तो येणार नाही, त्याला संकोच वाटतो. होळीच्या आधी तूच ये. मळ्यात नाही, घरीच असेन, पण आधी माझ्याकडे येऊ नकोस. मशिदीमागे जा, त्याच्या ओट्यावर बस, आणि या खेपेला त्याच्या हाताकडे बघ.

रुखमाबाई